काकांचा साग आणि माझा पाइन

लाकडातलं आपल्याला कळतं, या भ्रमात मी अटलांटातल्या घरामागचा डेक स्वतःच बांधायला घेतला. आम्ही मूळचे कुडाळकडचे, काकांची लाकडाची वखार. साग घ्यायचा तो गडद गाभ्याचा, कडेचा पांढरा भाग तासून टाकायचा, कारण वाळवी आणि भुंगा आधी पांढऱ्यालाच लागतात, हे लहानपणापासून ऐकलेलं. तेच शहाणपण घेऊन दुकानात गेलो आणि ढिगातून भरपूर गाभा दिसणारे खांब वेचून काढले. मदतीला आलेला माणूस काहीतरी सांगू बघत होता. मी त्याला बोलूच दिलं नाही.

इथे बाहेरच्या कामाला दक्षिणेकडचा पिवळा पाइन वापरतात. नुसता पाइन जॉर्जियातल्या दमट हवेत आणि वाळवीच्या मातीत तग धरत नाही, म्हणून त्यावर प्रक्रिया करतात. लाकूड लोखंडी टाकीत बंद करून आधी आतली हवा ओढून घेतात, मग तांब्याचं द्रावण मोठ्या दाबाने आत घुसवतात. गोम अशी की हे द्रावण मुरतं ते बाहेरच्या फिकट लाकडात. गाभ्यातल्या वाटा राळेने बुजलेल्या असतात, तिथे ते फारसं शिरतच नाही. म्हणजे सागाचा हिशोब इथे पुरता उलटा. काका जो भाग तासून फेकायचे तोच पाइनमध्ये टिकतो, आणि मी पारखून पारखून औषध न मुरलेलं लाकूड घरी आणलं होतं.

बरं, निदान डोळ्यांवर तरी विश्वास ठेवायचा! खांब लांब होते म्हणून करवतीने कापले, तेव्हा सगळं समोरच दिसत होतं. कडेला हिरवट पट्टा आणि मध्ये तांबूस, कोरा करकरीत पाइन. तरी तेच कापलेलं तोंड खाली करून मी खांब खड्ड्यात उभे केले. कारखान्यातून आलेलं टोक मातीत जायला हवं आणि कापलेल्या तोंडाला कॉपर नॅफ्थेनेट चोपडायला हवं. तो डबा त्याच दुकानात, बाजूच्याच फळीवर होता. मला तो फालतू खर्च वाटला.

काही वर्षांनी कठडा हलायला लागला. खांबाच्या बुडाशी स्क्रूड्रायव्हर टोचला, तर हिरवी कड ठणठणीत. जरा आत, गाभ्यात रेटला, तर मुठीपर्यंत गेला. बाहेर आला तो ओला भुसा आणि वाळवीची माती घेऊन.

जिन्याची गत याहून वाईट, आणि तिथे गाभ्याला दोष देण्याचीही सोय नव्हती. प्रत्येक नगाच्या टोकाला बोटभर प्लास्टिकची चिठ्ठी ठोकलेली असते. ‘यूसी 3बी’ म्हणजे जमिनीपासून वर राहणारं लाकूड, ‘यूसी 4ए’ म्हणजे मातीला टेकणारं. रंगाने दोन्ही सारखीच. मी चिठ्ठ्या न वाचताच उपटल्या आणि जिन्याच्या आडव्या-तिरक्या फळ्यांसाठी स्वस्तातलं लाकूड उचललं. त्या फळ्यांची खालची टोकं मातीत होती.

स्क्रूही साधे, पातळ जस्त चढवलेले घेतले होते. लाकडातल्या तांब्याने त्यांना असं खाल्लं की काढताना डोकी तुटून हातात आली. इथे जाड गॅल्व्हनाइज्ड नाहीतर स्टेनलेस स्टीलचेच लागतात. ओल्या फळ्यांवर लगेच रंग मारला तो पोपडे धरून निघाला, त्याचं काय सांगायचं!

नवा डेक मी चिठ्ठ्या वाचून बांधला आहे. उरलेले तुकडे मात्र शेकोटीत घातले नाहीत, कारण हे लाकूड जाळायचं नसतं. जुन्या लाकडाच्या बाबतीत तर हे फारच महत्त्वाचं. तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिकचं ‘सीसीए’ हे मिश्रण 1933 मध्ये डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत सोंती कामेसम यांनी शोधलं आणि ते जगभर गेलं. अमेरिकेत घरगुती बांधकामासाठी ते 2003 च्या अखेरीस थांबवण्यात आलं. तेव्हा त्याआधीचा डेक असलेलं घर घेत असाल, तर त्यात आर्सेनिक आहे असं धरूनच चाला. त्याचं लाकूड जाळू नका, पॉलिशपेपरने घासू नका, भुसा भाजीच्या वाफ्यात टाकू नका.