केसाएवढी काच

मुलांनो, ऑप्टिकल फायबरची गोष्ट सांगण्याआधी मला एक कबुली द्यायची आहे. गेल्या वर्षी माझ्या हातून एक चूक झाली आणि ही गोष्ट तिथूनच सुरू होते.

आमच्या शाळेत फायबरची केबल आली तेव्हा केवढा आनंद झाला होता! पूर्वी साधा एक फॉर्म भरायचा तर मोबाइल उंच धरून टेकडीवर जावं लागे. आता सगळं झटपट होऊ लागलं. मग काय, बाई निवांत! पाचवीतल्या तीन मुलींचे प्रवेशपरीक्षेचे फॉर्म राहिले होते. ‘भरू की, पाच मिनिटांचं तर काम,’ म्हणता म्हणता शेवटचा दिवस उजाडला. आणि नेमकी त्याच दिवशी सकाळी रस्त्याकडेला चर खणणाऱ्या जेसीबीनं केबल तोडली. म्हटलं, मोबाइल आहे ना! पण गंमत बघा, मोबाइलचा टॉवरही त्याच केबलला जोडलेला. तालुक्याच्या गावीही तीच रड. शेवटी भावाच्या गाडीवर बसून शेजारच्या तालुक्याला गेले. शेवटचा दिवस म्हणून तिथं साइट रडतखडत चालत होती. दोन फॉर्म गेले. तिसऱ्याचा फोटो चढत असतानाच बारा वाजले आणि फॉर्म बंद झाला.

दुसऱ्या दिवशी त्या मुलीला हे सांगताना माझी मान वर होईना. ती काही बोलली नाही. फक्त मान हलवली.

दुपारी केबल जोडणारे दादा आले, तसा सगळा वर्ग घेऊन मी रस्त्यावर गेले. काळ्या जाड केबलच्या पोटातून निघाले काय, तर रंगीत दोरे! निळा, नारिंगी, हिरवा... प्रत्येक दोऱ्यावरचा रंग खरवडला की आत काच. सव्वाशे मायक्रॉन जाडीची, म्हणजे जाडसर केसाएवढी. त्यातही प्रकाश धावतो तो मधल्या गाभ्यातून, आणि तो तर मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही बारीक. गाभ्याची काच निराळी, भोवतीची निराळी. फार तिरका आलेला प्रकाश त्या दोन काचांच्या सीमेवर आपटून पुन्हा आतच वळतो. याला म्हणतात पूर्ण आंतरिक परावर्तन. असा हा प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धावतो, बरं का! या शास्त्राला ‘फायबर ऑप्टिक्स’ हे नाव १९६० मध्ये दिलं ते पंजाबातल्या मोगा गावी जन्मलेल्या नरिंदर सिंग कपानी यांनी. काच पुरेशी शुद्ध केली तर संदेश दूरवर जाईल, हे १९६६ मध्ये दाखवून देणाऱ्या चार्ल्स काओ यांना २००९ साली नोबेल मिळालं.

काचेतून वीज वाहत नाही, त्यामुळे आकाशातली वीज कडाडली तरी संदेशात खरखर येत नाही. आणि तांब्यासारखी तिला भंगारवाल्याकडे किंमतही नाही!

“पण बाई, तांब्याची तार असती तर आपणच पिळून जोडली असती ना?” एका मुलानं विचारलं.

प्रश्न अगदी बरोबर होता. माझ्या लहानपणी आमच्या टेलिफोनची तार तुटली की बाबाच पिळा मारून वर चिकटपट्टी लावत. शिवाय गावात लाइट गेली तरी फोन चालू. कारण त्याला लागणारी वीज एक्स्चेंजमधून त्याच तारेनं यायची. फायबरच्या डब्याला घरचीच वीज लागते. जोडणीचं तर विचारूच नका! दादांनी टोक पुसलं, छोट्या यंत्रानं सरळ कापलं, मग दोन्ही टोकं मशीनमध्ये ठेवली. जराशी वाकडी लागली तरी प्रकाश सांडतो. कापलेले तुकडे ते एका बाटलीत टाकत होते. कातडीत घुसले तर दिसतही नाहीत म्हणे. “आणि टोकाला डोळा लावू नका रे,” ते ओरडले, “आतला प्रकाश दिसत नाही, पण डोळा जातो!”

ही झाली रस्त्यावरची केबल. समुद्रातल्या केबलचं काय होत असेल? जानेवारी २०२२ मध्ये टोंगा या बेटांच्या देशाजवळ ज्वालामुखी फुटला आणि त्यांची केबल तुटली. जहाज येऊन ती जोडेपर्यंत मुख्य बेटाला सुमारे पाच आठवडे लागले.

दादांनी त्या मुलीला पुढं बोलावलं. मशीनच्या पडद्यावर काचेची दोन टोकं हळूहळू जवळ येत होती. एक ठिणगी उडाली.

“जुळलं, बाई!” ती म्हणाली. त्या दिवसातलं माझ्याशी तिचं पहिलं बोलणं.

यंदाचे फॉर्म मी पहिल्याच आठवड्यात भरले. ती मात्र आता सहावीत आहे, आणि ती परीक्षा पाचवीतच देता येते.