काळ्या फळीवरचा कान्हा

देव्हाऱ्यातला देव हात जोडून पाहावा आणि चित्रातला देव हसून पाहावा, अशी आपली जुनी रीत आहे. आम्हां आदिलाबादकडच्या मराठी कुटुंबांना या दुसऱ्या दर्शनाची गोडी निर्मळच्या चित्रांनी लावली.

निर्मळ २०१६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातच होते. आता ते स्वतंत्र जिल्ह्याचे ठाणे आहे. तेथील नकाश कारागीर लाकडी फळी घासून गुळगुळीत करतात, तिच्यावर बहुधा काळा रंग चढवितात आणि त्या काळोखातून सोनेरी रेषांनी राधा-कृष्ण उजळवितात. पूर्वी रंग वनस्पतींपासून व खनिजांपासून काढीत. पुढे ड्युको रंग आले. विषय मात्र पुष्कळदा जुन्या लघुचित्रांचेच राहिले.

त्या लघुचित्रकारांची भक्ती मोठी धीट होती. पहाडी चित्रकार माणकूने १७३० साली गीतगोविंदाची चित्रमाला रंगविली. तिच्यातला देव राधेसाठी झुरतो. रासाच्या चित्रांत तर प्रत्येक गोपीजवळ एकेक कृष्ण असतो. एकच देव प्रत्येकाच्या वाट्याला पुरता येतो, हा सिद्धान्त पंडिताला समजावयास पोथी लागेल; चित्रकाराला वीतभर कागद पुरतो.

पैठणला नाथांनी गवळणींतून हाच खट्याळ कान्हा गायिला. ज्याचे सारे विश्व, तोच लोणी चोरतो, कशासाठी? यशोदेने कान धरावा म्हणून. भक्ताला रागवण्याचा अधिकार मिळावा यासाठी देवाने घेतलेला हा लहानपणा, हेच लीलेचे मर्म होय.

१९५६ साली किनवट तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले, आम्ही अलीकडे राहिलो. आमच्या मुलांची शाळा तेलुगूत वा इंग्रजीत. त्यांना गवळणीतील शब्द अडतात, चित्रातला कान्हा अडत नाही. पण एवढ्यावर समाधान मानणे आम्हांस धोक्याचे वाटते. गवळण ठाऊक नसेल, तर त्या सोनेरी रेषांत केवळ एक गोजिरवाणे मूल दिसते आणि चित्र बैठकीची शोभा होऊन बसते. यशोदेच्या रागातली माया शब्दांनीच कळते.

म्हणून आमचे सांगणे एवढेच: निर्मळचे चित्र घरी अवश्य आणावे, कारागिराच्या चुलीलाही त्याचा आधार होतो. मात्र येत्या गोकुळाष्टमीला मुलांना त्याच्यासमोर बसवून एक तरी गवळण अर्थासह म्हणावी. भिंतीवरचा कान्हा त्यांच्याशी मराठीत बोलू लागेल.