तीन दिवसांचा टायफॉइड

आमच्या रामदासपेठेत डॉक्टरांच्या पाट्या इतक्या, की लहानपणी मला वाटायचे, माणूस मोठा झाला की आपोआप डॉक्टरच होतो! आमच्या घराशेजारीही एका डॉक्टरकाकांचा दवाखाना होता. बाबांचे ब्लडप्रेशरचे औषध लिहून आणायला मीच जायचो. "मलाही डॉक्टर व्हायचंय," असे मी त्यांना सांगितले, की ते चष्म्यावरून बघत म्हणायचे, "आधी बारावी तर हो बाबू!"

बारावीच्या वर्षीच मी माती खाल्ली.

१९८७ साल. भारतात विश्वचषक सुरू होता आणि ३१ ऑक्टोबरला भारत-न्यूझीलंड सामना चक्क आपल्या नागपुरात, व्हीसीएच्या मैदानावर! मित्राच्या मामांकडे एक जादा तिकीट होते. पण त्याच शनिवारी आमच्या कॉलेजात जीवशास्त्राची प्रात्यक्षिक परीक्षा ठेवलेली. अभ्यासक्रम मागे पडला म्हणून बारावीच्या मुलांची दिवाळीची सुटी कापली होती. मी मनाशी म्हटले, परीक्षा काय, पुन्हा देता येईल. मॅच पुन्हा होणार आहे का?

आणि काय मॅच झाली ती! चेतन शर्माने लागोपाठच्या तीन चेंडूंवर रुदरफर्ड, स्मिथ आणि चॅटफिल्ड यांच्या दांड्या उडवल्या. विश्वचषकातली ती पहिलीच हॅटट्रिक. मग गावसकरांनी नाबाद १०३ धावा ठोकल्या. एकदिवसीय सामन्यातले त्यांचे ते एकमेव शतक, आणि तेही अंगात ताप असताना!

त्यांचा ताप खरा होता. माझा खोटा.

परीक्षा बुडवली, तर डॉक्टरांचे सर्टिफिकेट हवे असा नियम होता. रविवारी संध्याकाळी मी काकांच्या दवाखान्यात गेलो. ते आत पेशंट तपासत होते. टेबलावर त्यांचे लेटरहेडचे पॅड पडले होते. मी हळूच एक कागद फाडून घेतला. घरी येऊन मोठ्या ऐटीत लिहिले, 'टायफॉइड. तीन दिवस विश्रांतीची गरज.' खाली काकांची सही हुबेहूब ठोकली. औषधांच्या चिठ्ठ्यांवर ती शेकडो वेळा पाहिली होती ना!

जीवशास्त्राच्या सरांनी कागद वाचला. मग पुन्हा वाचला.

"तीन दिवसांत बरा होणारा टायफॉइड? अरे, तो माणसाला आठवडेच्या आठवडे अंथरुणावरून उठू देत नाही. डॉक्टर असं लिहीलच कसा?"

त्यांनी मला प्राचार्यांकडे नेले. प्राचार्यांनी लेटरहेडवरचा नंबर फिरवला. पलीकडून काका काय बोलले ते मला ऐकू आले नाही, पण प्राचार्यांनी फोन ठेवला तेव्हा माझे पाय लटपटत होते. पंधरा दिवस निलंबन झाले. बाबा घरी काहीच बोलले नाहीत, आणि तेच जास्त लागले. त्या दिवसापासून मी काकांच्या दवाखान्यावरून जाणे बंद केले. कुठेही जायचे, तर मागच्या गल्लीने वळसा घालून जायचो. बाबांच्या औषधाला आई जाऊ लागली.

पुढे मी पेटून अभ्यास केला. १९८८च्या जूनमध्ये निकाल लागला. त्या काळी आपल्याकडे मेडिकलचा प्रवेश बारावीच्या गुणांवर होत असे, आणि माझे गुण पुरण्यासारखे होते. घरात पेढे आले. पण कॉलेज सोडल्याचा दाखला हातात पडला आणि पेढा घशात अडकला. 'वर्तणूक' या रकान्यात 'चांगली' हा नेहमीचा शब्द नव्हता. 'शेरा' या रकान्यात लिहिले होते, 'खोटे वैद्यकीय प्रमाणपत्र सादर केल्याबद्दल पंधरा दिवस निलंबित.'

विचार करा, हा कागद घेऊन मला डॉक्टरीच्या प्रवेशाला जायचे होते!

एका ओळखीच्याने उपाय सुचवला. "शंभर रुपये दे. व्हाइटनर, टाइपरायटर, वर झेरॉक्स. कोणाला काय कळून राहिलं?" खरे सांगतो, मी तयार झालो होतो. शंभरची नोट खिशात घालून निघालोही होतो.

ओसरीत आजोबा अडकित्त्याने सुपारी कातरत बसले होते. त्यांनी चेहरा वाचला असावा. "काय झालं रे?" विचारताच मी सगळे बोलून गेलो. वर ऐटीत म्हणालो, "आजोबा, तुम्हीच सांगता ना, नील सिटी हायस्कूलमधून काढून टाकलेला मुलगाही डॉक्टर झाला म्हणून?"

ही गोष्ट नागपुरात पुष्कळांना ठाऊक असते. १९०७ साली इंग्रज सरकारने रिस्ले सर्क्युलर काढून विद्यार्थ्यांना चळवळीत भाग घ्यायला बंदी केली. त्या सुमारास नील सिटी हायस्कूलमध्ये तपासणीला आलेल्या साहेबांचे स्वागत मुलांनी 'वंदे मातरम्'च्या घोषणेने केले. शाळेत मोठी खळबळ उडाली. बहुतेक मुले माफी मागून शाळेत परतली. केशव बळीराम हेडगेवार यांनी मात्र माफी मागितली नाही, आणि त्यांना शाळा सोडावी लागली. मग ते यवतमाळच्या राष्ट्रीय शाळेत शिकले. १९१० साली कलकत्त्याच्या नॅशनल मेडिकल कॉलेजात गेले आणि डॉक्टर होऊन नागपूरला परतले. पुढे १९२५ साली त्यांनी संघ काढला. त्यांच्या कार्याबद्दल लोकांची मते वेगवेगळी आहेत, पण शाळेची ही गोष्ट आजोबा नेहमी रंगवून सांगत.

त्या दिवशी मात्र त्यांनी अडकित्ता खाली ठेवला.

"त्यांनी माफी मागितली नाही, कारण त्यांच्या मते त्यांची चूक नव्हती. जे केलं ते सगळ्यांसमोर केलं आणि त्याची किंमत मोजली. तू काय केलंस? लपून कागद फाडलास. तुझी तर चूक होती ना? मग तू तरी माफी मागितलीस का?"

मी गप्प. कॉलेजात मी माफीनामा लिहून दिला होता. पण ज्यांची सही चोरली, त्यांच्याकडे आठ महिन्यांत फिरकलोही नव्हतो.

त्याच संध्याकाळी मी दवाखान्याची पायरी चढलो. शेवटचा पेशंट जाईपर्यंत बाकावर बसून राहिलो. मग आत जाऊन कसेबसे म्हणालो, "काका, माझं चुकलं."

काकांनी मला रागावले नाही. त्यांनी कपाटातून एक जाड वही काढली. "मी दिलेल्या प्रत्येक सर्टिफिकेटची यात नोंद असते. तुझ्या टायफॉइडची नाही. ते तुझ्या कॉलेजात कळलं, आणि मग माझ्या नावाच्या सगळ्याच कागदांवर त्यांना संशय आला. तुमच्याच वर्गातल्या एका मुलीला मी काविळीचं सर्टिफिकेट दिलं होतं. ती खरोखरच आजारी होती. तिला अंगात त्राण नसताना रिक्षानं दोनदा इथं यावं लागलं. कशासाठी? तर ती खोटं बोलत नाही, हे सिद्ध करायला."

हे मला माहीतच नव्हते. इतके दिवस मला वाटत होते, शिक्षा मला झाली, हिशेब मिटला.

मी भीत भीत विचारले, "काका, तुम्ही मला एखादं पत्र द्याल का? मी सुधारलो आहे म्हणून?"

"मी कशाला देऊ? तू काय केलंस ते तूच लिही, आणि दाखल्याला जोड. फक्त एक कर, या वेळी खाली सही तुझी स्वतःची कर!"

ते एक पान लिहायला मला अख्खी रात्र लागली. शंभरची नोट सकाळी बाबांना परत केली.

प्रवेशाच्या दिवशी कारकुनाने दाखला पाहिला, माझ्याकडे पाहिले आणि कागद घेऊन साहेबांकडे गेला. मला आत बोलावण्यात आले. साहेबांनी माझे पान शांतपणे वाचले. मग विचारले, "उपचार केले नाहीत, तर टायफॉइड किती दिवस चालतो?"

"तीन-चार आठवडे, सर."

"आता बरोबर आलं." ते किंचित हसले. "यादीत तुमचं नाव गुणांवर लागलंय. या शेऱ्यामुळे मी ते काढणार नाही. पण हा कागद तुमच्या फायलीत राहील."

तो राहिलाच. त्या वेळी खाडाखोड केली असती आणि ती कधीही उघडकीला आली असती, तर प्रवेश रद्द, वर पोलिसांत तक्रार! शेरा होता म्हणून माझे दार बंद झाले नाही. तो खोडला असता, तर मात्र झाले असते.

मित्रांनो, आता प्रवेशाची रीत बदलली आहे. नीटची परीक्षा आली. पण वर्तणुकीचा रकाना काही गेला नाही. उलट, रॅगिंग रोखण्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ साली नियम केले. त्यांत प्रवेशाच्या अर्जासोबत आधीच्या संस्थेकडून विद्यार्थ्याच्या वागणुकीची माहिती मागितली आहे, ती कॉलेजला त्याच्यावर लक्ष ठेवता यावे म्हणून. मात्र काही चुकांना दार सरळ बंद होते. रॅगिंगबद्दल न्यायालयात दोषी ठरलेल्या विद्यार्थ्याला महाराष्ट्राच्या १९९९च्या कायद्याप्रमाणे कॉलेजातून काढले जाते आणि पाच वर्षे दुसरीकडेही प्रवेश मिळत नाही. आणि खोटे सर्टिफिकेट देणाऱ्या डॉक्टरचे तर नोंदणीच्या यादीतून नावच काढले जाऊ शकते. म्हणजे मी सतराव्या वर्षी जे केले, ते आज केले तर माझी पाटीच उतरेल!

ती पाटी याच रामदासपेठेत आहे. गेल्याच महिन्यात एक मुलगा आईबरोबर आला. शाळेची चाचणी बुडाली होती. आई म्हणाली, "डॉक्टर, दोन-तीन दिवसांचा ताप लिहून द्या ना. तेवढ्यानं काय होतंय?"

मी त्या मुलाला जवळ बसवले आणि तीन दिवसांच्या टायफॉइडची गोष्ट सांगितली. तो आधी खूप हसला. काविळीच्या मुलीची गोष्ट आली, तेव्हा गप्प झाला. मग आईकडे न बघताच म्हणाला, "मी बाईंना खरं सांगतो. ओरडतील फार तर."

मी माझ्या जाड वहीत त्या दिवशी काहीच लिहिले नाही. लिहिण्यासारखा आजार नव्हताच!