होतो आणि गेलो

चाकणच्या एका कारखान्यात नोकरीस असलेला आमच्या निगडीतील एक तरुण अभियंता सध्या स्पॅनिश शिकत आहे. रविवारच्या सायंकालीन मिस्सानंतर तो वही घेऊन आमच्याकडे येतो. सेमिनरीत आम्ही लॅटिन घोटले होते आणि स्पॅनिश ही तर तिचीच लेक. तेव्हा फादरांना सारे उमगेल, अशी त्याची भाबडी समजूत!

मागील महिन्यात तो अगदी वैतागून आला. ‘सोय’ म्हणजे मी आहे आणि ‘बोय’ म्हणजे मी जातो. भूतकाळात चालू असलेली गोष्ट सांगतानाही ‘एरा’ आणि ‘इबा’ हे दोन शब्द निराळेच. परंतु गोष्ट एकदा पूर्ण झाली, की दोन्ही क्रियापदांचे रूप एकच : ‘फुई’. मी शिक्षक होतो, हेही ‘फुई’ आणि मी शाळेत गेलो, हेही ‘फुई’.

“फादर, होतो कुठला आणि गेलो कुठला, हे ओळखायचं कसं?”

आम्ही त्याला सांगितले, की ‘फुई’ हे मुळात लॅटिनमधील ‘असणे’चे रूप. लॅटिनमध्ये ‘जाणे’चा भूतकाळ वेगळा होता, स्पॅनिशमध्ये मात्र ‘जाणे’नेही ‘असणे’चेच वस्त्र पांघरले. कोणता अर्थ घ्यायचा, ते वाक्यातील पुढच्या शब्दांवरून कळते. त्याचे समाधान झाले. आमचे मात्र झाले नाही.

कारण त्याच आठवड्यात यमुनानगरातील एका वृद्ध, निवृत्त कामगाराची अंत्यविधीची मिस्सा आम्ही अर्पण केली होती. ते अंथरुणाला खिळले होते. त्यांच्या सूनबाईंनी दोनदा निरोप धाडला होता, “फादर, बाबांना तुम्हाला भेटायचंय.” चर्चचा सण तोंडावर आला होता, नोव्हेना, मंडप, पाहुणे यांत आम्ही गुंतलो होतो. “सण आटोपला, की येतो,” असे आम्ही कळविले. सणाच्या आदल्या रात्री ते देवाघरी गेले. रुग्णाभ्यंगाच्या संस्काराविना गेले. आमच्या निवासापासून त्यांचे घर पायी पंधरा मिनिटांवर!

अंत्यविधीच्या प्रवचनात आम्ही म्हणालो, “आम्ही त्यांचे धर्मगुरू होतो.” कोणीही हरकत घेतली नाही. मराठीत ते वाक्य निर्दोष होते. परंतु तेच वाक्य स्पॅनिशमध्ये ‘फुई’ने सांगितले असते, तर तोच शब्द आम्हांला विचारीत राहिला असता, ‘गेला होता का?’

ही भाषा बोलणारे एक धर्मगुरू महाराष्ट्राला ठाऊक आहेत. १९२० साली बार्सिलोनात जन्मलेले फादर विन्सेंट फेरर १९५२मध्ये भारतात आले आणि मनमाडच्या कोरडवाहू शेतकऱ्यांसाठी विहिरी खोदण्याच्या कामात त्यांनी स्वतःस वाहून घेतले. १९६८मध्ये त्यांना देश सोडावा लागला. पुढच्याच वर्षी ते परतले आणि आंध्रातील अनंतपूरला गेले. पुढे त्यांनी येशूसंघही सोडला, तरी २००९मध्ये निधन होईपर्यंत ते त्या गरिबांमध्येच राहिले. ते कोण होते, हे सांगताना ते कोठे गेले, हेच सांगावे लागते.

माझा शेजारी कोण, असे शास्त्र्याने विचारले, तेव्हा प्रभू येशूनेही व्याख्या सांगितली नाही. वाटेत जखमी होऊन पडलेल्या माणसाजवळ कोण गेला, एवढीच गोष्ट सांगितली. याजक तेथे होता, वाचकहो. पण तो जवळ गेला नाही. ही गोष्ट आम्ही आजवर कितीदा तरी समजावून सांगितली आहे!

जोवर आयुष्य चालू आहे, तोवर ‘आहे’ आणि ‘जातो’ हे शब्द वेगळे राहू शकतात. हिशेब पूर्ण झाला, की ते एक होतात.

दुसऱ्या दिवशी आम्ही सूनबाईंकडे गेलो आणि क्षमा मागितली. त्यांनी चहा ठेवला. मग हळूच म्हणाल्या, “फादर, शेजारच्या आजीही आजारी आहेत.” आम्ही चहा संपविला आणि शेजारच्या दारी गेलो.