बाण कोणाचा?

पूर्वपरीक्षेचे पेपर तपासून झाले की आमच्याकडे दहावीच्या उजळणीचे वर्ग लागतात. कोकण मंडळ निकालात राज्यात पहिलं येतं, याची आता कोणाला बातमीही वाटत नाही. २०२४ साली दहावीचा निकाल ९९.०१ टक्के होता. तेव्हा धामापूर, काळसे, चौके, कट्टा या पट्ट्यातल्या पोरांना सूत्रं येत नाहीत असं कोणी म्हणू नये. गतीविषयक तिन्ही समीकरणं ती झोपेतही म्हणतील. म्हणूनच मी उजळणी सूत्रांपासून सुरू करत नाही. एक चेंडू सरळ वर फेकतो, झेलतो आणि विचारतो: हातातून सुटल्यानंतर, वर जाताना, चेंडूवर कोणकोणती बलं होती? हवेचा विरोध सोडून द्या.

उत्तर ठरलेलं असतं. दोन. एक गुरुत्वाचं, खाली ओढणारं. दुसरं हाताने दिलेलं, वर नेणारं. वरचं मोठं म्हणून चेंडू वर जातो. ते हळूहळू खर्च होतं, टोकाला दोन्ही सारखी होतात, चेंडू क्षणभर थांबतो आणि मग गुरुत्व जिंकतं. ऐकायला किती नेटकं! आणि हे सांगणाऱ्या मुलाने न्यूटनचे तिन्ही नियम आठच दिवसांपूर्वी शब्दशः लिहून पैकीच्या पैकी गुण घेतलेले असतात.

हे फक्त आमच्या तालुक्याचं दुखणं नाही. १९९२ मध्ये अमेरिकेत डेव्हिड हेस्टेनीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बल या एकाच संकल्पनेवर एक प्रश्नसंच प्रसिद्ध केला. त्यात आकडेमोड नाही, नुसते पर्याय. आणि चुकीचे पर्याय म्हणजे मुलांच्या मनात खरोखर असणाऱ्या समजुती. हेस्टेनीस यांचाच त्याआधीचा असाच एक प्रश्नसंच हार्वर्डच्या एरिक मझूर यांनी आपल्या वर्गाला दिला, तेव्हा एका मुलीने त्यांना विचारलं, की उत्तरं तुम्ही शिकवलंत तशी लिहू की मी एरवी विचार करते तशी? मझूर यांनी पुढे शिकवण्याची पद्धतच बदलली. आपल्याकडे असा प्रश्न मुलं तोंडाने विचारत नाहीत. शिकवलेलं पेपरात लिहितात, स्वतःचं डोक्यात ठेवतात.

ते स्वतःचं काही टाकाऊ नसतं. फेकलेल्या वस्तूत फेकणारा काहीतरी भरतो, ही कल्पना सहाव्या शतकात अलेक्झांड्रियाच्या फिलोपोनसने मांडली होती आणि चौदाव्या शतकात पॅरिसच्या ब्युरिदाँने ती पक्की केली. आमचा वर्ग तिथवर कोणी न शिकवता पोचलेला असतो. तिथून गॅलिलिओपर्यंत त्याला ओढायचं, हे माझं काम.

त्यासाठी माझ्याकडे एकच हत्यार आहे. फळ्यावर चेंडू काढायचा, बलांचे बाण काढायचे आणि प्रत्येक बाणाशेजारी तो देणाऱ्याचं नाव लिहायचं. खालच्या बाणाला नाव मिळतं, पृथ्वी. वरच्याला मुलं लिहितात, हात. हात आता कुठे आहे? खाली. चेंडूला लागलेला आहे? नाही. मग न लागता कसा ढकलतोय? वर्गात जरा कुजबुज होते. देणारा सापडला नाही की बाण पुसायचा, हा नियम. फळ्यावर एकच बाण उरतो, खाली जाणारा. आणि तो चेंडू वर जाताना, अगदी टोकावर असताना आणि खाली येताना तेवढाच असतो. टोकाला दोन्ही बलं सारखी झाली असती, तर पहिल्या नियमाप्रमाणे थांबलेला चेंडू तिथेच लटकून राहिला असता. हे वाक्य ऐकल्यावर पुढच्या बाकावरची एखादी मुलगी वर छताकडे बघते. समजलं की नाही ते मला तेवढ्यावरून कळतं. हाताने चेंडूला दिला तो वेग, संवेग. बल दिलं ते हात लागलेला होता तेवढ्यापुरतं.

मग मी तलावाचा दाखला घेतो, कारण धामापूरच्या तलावावर वल्हं हातात धरलेलं नाही असं पोर इथे विरळा. वल्हं मारायचं थांबलं की होडी मंदावते आणि थांबते. मुलांना वाटतं, बघा, बल संपलं म्हणून थांबली. पुन्हा बाण काढायचे. होडीच्या मागच्या दिशेला एक बाण आहे आणि त्याला देणाराही आहे, पाणी. होडी थांबते ती ढकलणारा गेला म्हणून नव्हे, अडवणारा उरला म्हणून. आयुष्यभर चिखलाच्या वाटा, सायकल आणि पाणी बघितलेल्या पोराला न अडवणारं जग दाखवायचं कुठून? त्याचा अनुभव, ढकलणारा असेल तोवरच वस्तू चालते असं म्हणणाऱ्या ॲरिस्टॉटलच्या बाजूचा आहे, हे मास्तरांनी आधी कबूल करावं.

तिसरा नियम मात्र होडीच शिकवते. दोर न बांधता कोणी काठावर उडी टाकली, की होडी मागे सरकते आणि उडी मारणारा पाण्यात. मुलाचं वस्तुमान ४० किलो आणि होडी १६० किलोची धरा. मुलगा सेकंदाला २ मीटर वेगाने सुटला, तर होडी सेकंदाला अर्धा मीटर मागे जाते. संवेग दोघांचा सारखा, दिशा उलट. हे गणित पाठ्यपुस्तकात बंदूक आणि गोळीचं असतं. बंदूक आमच्यापैकी कोणी हातात धरलेली नाही.

तलावाशी आलोच आहोत तर बांधाबद्दल बोलायला हवं. हा तलाव १५३० सालचा, विजयनगरच्या अमलातले मांडलिक नागेश देसाई यांनी बांधलेला. भगवती देवीचं देऊळ काठावर, पायऱ्या थेट पाण्यात. २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय सिंचन व निचरा आयोगाने त्याला जागतिक वारसा सिंचन वास्तू म्हणून मान दिला. सरकारी नोंदीत मातीच्या बांधाची उंची ११ मीटर आहे आणि लांबी २७१ मीटर. मी विचारतो, तलाव मागे डोंगरापर्यंत आणखी दुप्पट लांब असता, तर बांधावरचा दाब किती वाढला असता? दुप्पट, असं सगळेच म्हणतात. खरं उत्तर: काहीच वाढला नसता. दाब फक्त खोलीवर ठरतो. मागे शंभर मीटर पाणी असो की अथांग समुद्र, १० मीटर खोलीवर दर चौरस मीटरला साधारण दहा टन. बांध उभ्या भिंतीचा असता, तर १० मीटर खोल पाण्याने त्याच्या प्रत्येक मीटर लांबीवर सुमारे ५० टन रेटा दिला असता. पाणी ५ मीटरच असतं, तर साडेबारा टन. खोली निम्मी, रेटा पाव. बांध पायथ्याशी इतका रुंद का, ते इथे कळतं.

युरोपातल्या सायमन स्टेव्हिन या गणितज्ञाने हे गणित छापलं १५८६ मध्ये, म्हणजे बांध झाल्यानंतर अर्ध्या शतकाहून अधिक काळाने. यावरून आपल्या पूर्वजांना स्टेव्हिन आधीच ठाऊक होता असली भाषणं करू नयेत. त्यांना माती, जांभा आणि पाणी ठाऊक होतं. बांध उभा राहायला तेवढं पुरतं. बांध न बांधता त्याच्यावरचा रेटा सांगायचा असेल तर गणित लागतं.

आता लाटा. पायऱ्यांवरून खडा टाकला की वर्तुळं सुटतात. जवळ तरंगणारं फणसाचं पान वर जातं, खाली येतं आणि वर्तुळ पुढे निघून गेलं तरी जवळजवळ जागेवरच राहतं. पाणी वाहून आलं असतं तर पान काठाला लागलं असतं. चेंडूत बल भरलेलं असतं आणि लाटेबरोबर पाणी येतं, या दोन्ही समजुती मला एकाच घरच्या वाटतात. जे घडतं, त्याला आपण एखादी वस्तू मानतो आणि ती कोणीतरी उचलून नेतंय असं समजतो.

आवाजही लाटच, आणि लाटेबरोबर माध्यम येत नाही याचा देवळातली घंटा हा चांगला पुरावा. घंटेजवळची हवाच कानापर्यंत येत असती, तर उदबत्तीचा वासही आवाजाबरोबरच आला असता. आवाज ३५ मीटर यायला सेकंदाचा दहावा भाग घेतो; वास वाऱ्याच्या मर्जीने, रेंगाळत येतो. संपीडन आणि विरलन पुढे सरकतं, हवा जागच्या जागी हलते. अनुतरंगाची व्याख्या मी त्यानंतर लिहून घेतो.

पण समुद्रकाठच्या दांडीचा किंवा देवबागचा एखादा मुलगा वर्गात असला तर तो हटकून अडवतो. सर, लाट माणसाला उचलून किनाऱ्यावर आपटते, मग पाणी येत नाही कसं म्हणता? त्याचं खरं आहे, आणि पुस्तक त्याला उत्तर देत नाही. पुस्तक पाण्याच्या लाटेला अवतरंगाचं उदाहरण म्हणून सोडून देतं. प्रत्यक्षात भर समुद्रात पाण्याचा कण नुसता वरखाली होत नाही. तो वर, पुढे, खाली, मागे असा गोल फिरतो. खाली जावं तसं वर्तुळ लहान होतं, आणि अर्ध्या तरंगलांबीइतक्या खोलीवर ते जेमतेम चार टक्के उरतं. दूर दक्षिण महासागरातून आलेल्या, दर दहा सेकंदांनी येणाऱ्या लाटेची तरंगलांबी खोल पाण्यात सुमारे १५६ मीटर असते आणि तिचा वेग ताशी ५६ किलोमीटर. पाणी ऐंशी मीटरपेक्षा उथळ झालं की तिला तळ लागतो. ४ मीटर पाण्यात तिचा वेग सेकंदाला सव्वासहा मीटरवर येतो. वारंवारिता बदलत नाही, म्हणून तरंगलांबी ६३ मीटरच्या आसपास होते. मागून येणारी ऊर्जा कमी जागेत मावायची, तर लाट उंच होते, शेवटी तोल जाऊन फुटते. फुटल्यावर मात्र पाणी खरंच किनाऱ्याकडे धावतं, आणि त्या पोराला आपटतं ते हेच पाणी. तारकर्लीला लाटा भर समुद्रात तिरप्या येत असल्या तरी किनाऱ्याशी जवळपास समांतर होऊन फुटतात, तेही याच कारणाने. लाटेचं जे टोक आधी उथळात येतं ते मंदावतं, दुसरं पुढे येऊन त्याला गाठतं. भिंगातून जाणारा प्रकाश याच नियमाने वळतो. दहावीच्या पोराला अपवर्तन शिकवायला किनाऱ्यावर नेणं काचेच्या ठोकळ्यापेक्षा स्वस्त आहे, फक्त शाळा सहलीची परवानगी देत नाही.

अकरावीच्या मुलांना मी शेवटी रापण देतो. जाळं समुद्रात अर्धवर्तुळात सोडलेलं, दोन टोकांचे दोर किनाऱ्यावर दोन टोळ्यांच्या हातात. ओढत ओढत टोळ्या एकमेकींकडे सरकतात. दोन्ही दोरांवर बल सारखंच, प्रत्येकी १०० धरा. दोरांमधला कोन १२० अंश असताना किनाऱ्याकडे एकूण ओढ मिळते १००. दोघांनी मिळून एकाइतकीच. ६० अंशांवर १७३. दोर शेजारी आले की २००. बाकीचं बल कुठे गेलं होतं, असं विचारलं की मुलं बाण काढतात आणि आडवे भाग एकमेकांना खोडून टाकताना बघतात. गेल्या खेपेला मी पुढे विचारलं, मग टोळ्यांनी पहिल्यापासूनच शेजारी उभं राहून का ओढू नये? मागच्या बाकावरून एक जण म्हणाला, "सर, मगे मासो खंय गावतलो?"