कलप

कलप लावणाऱ्या माणसांची मी जन्मभर मनमुराद थट्टा केली आहे. शाळेत माझ्याबरोबर असलेले एक स्नेही महिन्यातून एखाद्या सोमवारी शाईच्या दौतीत डोके बुचकळून काढल्यासारखे येत, आणि शिक्षकांच्या खोलीत सर्वांत मोठ्याने हसणारा मीच असे. पांढरा केस ही काळाने दिलेली पावती आहे. ती खोडणारा मनुष्य स्वतःलाच फसवितो, असे माझे ठाम मत होते. परंतु ठाम मते मोडावयाला फारसा वेळ लागत नाही! गेल्या आषाढात राधानगरीच्या बाजारातील केशकर्तनालयात गळ्याभोवती कापड बांधून मीच बसलो होतो, आणि कारागीर वाटीत कलप कालवीत होता.

कलप लावला की अर्धा तास स्वस्थ बसावे लागते. चिंतनाला याहून चांगली बैठक कोणती? मला मिथिलेच्या मखादेव राजाची जातककथा आठवली. डोक्यावर पहिला पांढरा केस दिसताच मला सांग, असे त्याने आपल्या न्हाव्याला बजावून ठेवले होते. एके दिवशी न्हाव्याने तो केस सोन्याच्या चिमट्याने उपटून राजाच्या तळहातावर ठेवला. राजाने तत्काळ राज्य मुलाच्या हवाली केले आणि संन्यास घेतला. न्हाव्याला मात्र एक गाव इनाम मिळाले! आमच्या कारागिराला असे इनाम मिळण्याचा संभव नाही; कारण त्याचा चरितार्थ पांढरे केस दाखविण्यावर नव्हे, लपविण्यावर चालतो.

राजाच्या संन्यासावरून मन वनाकडे वळले, आणि आमच्या गावी वन म्हटले की दाजीपूरचे. गव्यांसाठी तेथे 1958 साली अभयारण्य झाले. गव्याचे वासरू जन्मते तेव्हा सोनेरी पिवळसर असते. पुढे ते तपकिरी होते. आणि नर जसजसा म्हातारा होतो तसतसा काळाभोर होत जातो. केवळ पायांत तेवढे पांढरे मोजे राहतात. सृष्टीने गव्याला उतारवयात जे फुकट दिले, ते आम्हाला डबीतून विकत घ्यावे लागते! मेंदीने केस रंगविण्याची चाल फार जुनी. पण आजच्या कलपाचा उगम 1907 सालचा, पॅरिसमधील यूजीन श्युलर या रसायनशास्त्रज्ञाच्या खटपटीतला. रंगाचे लहान कण केसाच्या आत शिरतात आणि तेथे एकमेकांना जोडून इतके मोठे होतात की त्यांना पुन्हा बाहेर पडता येत नाही. पण केसाला उपजत रंग देणाऱ्या पेशी त्वचेखाली, मुळाशी असतात. तेथवर कलप पोचतच नाही. म्हणून महिन्याकाठी बोटाच्या नखाएवढी पांढरी रेघ खालून पुन्हा वर येते.

हे सारे ठाऊक असूनही मी तेथे बसलो होतो, तो तरुण दिसावे म्हणून नव्हे. मला मुलगा दिसावयाचे होते.

माझी आई नव्वदीच्या घरात आहे. दृष्टी बरी आहे. स्मृती मात्र दोन वर्षांपासून ओसरू लागली आहे. वडील गेले तेव्हा त्यांचे जे वय होते, तेच आज माझे आहे. आणि त्यांच्यासारखेच माझेही सारे डोके पांढरे झाले आहे. एके दिवशी मी बाहेरून आलो तो आईने लगबगीने डोक्यावर पदर घेतला, पाण्याचा तांब्या पुढे ठेवला आणि विचारले, "अहो, आज लवकर सुटका झाली वाटतं?"

त्या दिवसापासून मी माझ्या घरात माझा बाप झालो. "आई, मी बाळू," असे मी म्हणे. ती लाजून हसे. वडील धरणावर नोकरीला होते. लक्ष्मी तलाव भरला की धरणाचे सात दरवाजे आपोआप उघडतात, परंतु आपोआप उघडणाऱ्या दरवाजांनाही रात्रभर जागणारा मनुष्य लागतोच. एका संध्याकाळी पाऊस कोसळत असता आई हळूच म्हणाली, "तुम्ही धरणावर असता, तवा मी दाराला कडी घालतच नाही. आल्यावर भिजत उभं राहायला नको तुम्हाला." त्याच खोलीत निजलेल्या मला हे कधी कळले नव्हते. बापाच्या नावे आलेले पत्र मुलाने फोडावे, तसे मला झाले. दुसऱ्या दिवशी मी केशकर्तनालयाची पायरी चढलो.

कलपाने आपले काम चोख केले. घरी येताच आई म्हणाली, "आलास व्हय रं बाळू? किती वाळलायस! पाय धू आधी." दोन वर्षांनी तिने माझे नाव घेतले होते. मी पाय धुण्याच्या निमित्ताने मोरीत गेलो आणि बराच वेळ तेथेच राहिलो.

हा आनंद दिवे लागणीपर्यंत टिकला. मग तिने उंबऱ्याकडे पाहात विचारले, "तुझं वडील अजून आलं नाहीत रं?" मी गोंधळलो, मग म्हणालो, "दरवाजे उघडलेत आई. आज रात्री यायचे नाहीत." केसांना लावलेला कलप जिभेवरही चढला होता! तिचे समाधान झाले. पण मध्यरात्री मला जाग आली, तेव्हा दाराची कडी काढलेली होती आणि ती अंथरुणावर बसून पावसाचा आवाज ऐकत होती. पुढे रोज रात्री हेच. मला माझी आई परत मिळाली होती. पण तिचे माणूस मी घराबाहेर, पावसात ठेवले होते.

मी स्नेह्यांना हसलो ते चुकलेच. मनुष्य स्वतःला फसविण्यासाठी कलप लावतो, हे खरे नव्हे. आरशातल्या माणसाला सर्व काही ठाऊक असते. कोणाच्या तरी डोळ्यांत आपण विशिष्ट माणूस म्हणून राहावे, एवढ्यासाठी तो लावतो. त्या स्नेह्यांच्या डोळ्यांपुढे कोण होते, हे मी कधी विचारलेच नाही.

महिन्याने मी पुन्हा त्याच खुर्चीवर बसलो. भांगात पांढरी रेघ उमटली होती. कारागिराने वाटी पुढे ओढली आणि विचारले, "गुरुजी, लावू ना?"

"नको," मी म्हणालो, "काळे केस कापून टाक. या महिन्यात वडिलांची पाळी आहे."