रस्त्यावरचे केळझर

नागपूरहून वर्ध्याला जाणाऱ्या जुन्या रस्त्यावर, सेलू तालुक्यात केळझर लागते. गावाजवळच्या टेकडीवर सिद्धिविनायकाचे मंदिर आहे आणि विदर्भातील अष्टविनायकांत त्याची गणना होते. महाभारतातील एकचक्रानगरी ती हीच, भीमाने बकासुराला मारले ते इथेच, असे गावात सांगतात. इतिहासाने ते सिद्ध केलेले नाही. तरीही गणेश जयंतीला टेकडी चढणाऱ्यांच्या तोंडून ही कथा मी ऐकली आहे आणि सांगणाऱ्याच्या आवाजात शंका नसते.

याच परिसरात बौद्ध विहार आहे. 14 ऑक्टोबर 1956 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जिथे धम्मदीक्षा घेतली, ते नागपूर इथून पन्नासेक किलोमीटरवर. दुसऱ्या बाजूला तेवढेही अंतर न जाता पवनार आणि सेवाग्राम येतात. विनोबा आणि गांधीजी यांची ही ठिकाणे त्याच वाटेला जोडलेली आहेत.

एका वाटेवरचे हे वैविध्य पाहताना मला प्रशांत महासागरातील वानुआटू हा देश आठवतो; तिथे ऐंशीहून अधिक बेटे आणि शंभरावर भाषा आहेत. समुद्राने आणि डोंगरांनी माणसांना वेगळे ठेवले, म्हणून ठिकठिकाणच्या बोली निराळ्या राहिल्या, असे सांगितले जाते. केळझरचे वैविध्य उलट कारणाने आले. इथे रस्त्याने माणसे आणली आणि ती शेजारी शेजारी राहिली. मला हे दुसरे वैविध्य अधिक अवघड आणि म्हणून अधिक मोलाचे वाटते.

गावामागच्या डोंगररांगा बोरच्या जंगलाला जाऊन मिळतात. साग, ऐन, तेंदू, मोह यांचे हे कोरडे पानझडी जंगल. उन्हाळ्याच्या तोंडाशी सागाची पाने गळून जातात आणि उघड्या उतारांवर पळस फुलतो. केळझर पाहावे ते याच दिवसांत. पहाटे मोहफुले वेचायला माणसे रानात जातात, पुढे तेंदूपानाचा हंगाम येतो. 1970 मध्ये बोर अभयारण्य झाले आणि 2014 मध्ये व्याघ्र प्रकल्प. त्याचे मूळ क्षेत्र जेमतेम 138 चौरस किलोमीटर आहे; देशातील सर्वांत लहान व्याघ्र प्रकल्पांत तो मोडतो. एवढ्या जागेत वाढलेल्या वाघाला नवे रान शोधायला बाहेर पडावेच लागते, आणि बाहेर शेते, गावे, रस्ते आहेत. डिसेंबर 2022 मध्ये सुरू झालेला समृद्धी महामार्गही याच तालुक्यातून जातो. माणसांना जवळ आणणारा रस्ता जनावरांची वाट तोडणार नाही, एवढी काळजी प्रत्येक नव्या कामाच्या आराखड्यातच घेतली गेली पाहिजे.